सोळाव्या धड्याची प्रुफं

मास्तरांना खोटं वाक्य रचता येत नसे. तसा माणूस हुशार. त्यांचं इंग्रजी वाक्प्रचारांचं गाइड तीस वर्षं खपत होतं आणि दर तीन वर्षांनी नवी आवृत्ती निघत होती. पण वाक्प्रचार दिला की खाली इंग्रजीत आणि मराठीत 'वाक्यात उपयोग' द्यावा लागतो, आणि तिथे मास्तरांचं घोडं पेंड खायचं. मनाने काही सुचतच नसे. मग ते खुर्चीत मागे रेलून घरात काय चाललंय ते बघत आणि तेच लिहून काढत. नळ गळत असला की नळ गाइडात जाई. मेहुण्याने नेलेली शिडी परत आणली नाही तेव्हा ती शिडी दोन आवृत्त्यांत होती, आणि मेहुणा चार वर्षं घरी आला नव्हता. शेजारच्या शिंपीणबाई म्हणायच्या, "तुमच्याकडे काय शिजतंय ते विचारायला यायची मला गरजच नाही. नवी आवृत्ती घेतली की झालं."

गाइडाची प्रुफं त्यांच्या पत्नी तपासत. छापखान्यातली माणसं त्यांना शुद्धबाई म्हणायची, कारण दुकानाच्या पाटीवर चूक दिसली तरी त्या आत जाऊन सांगून येत. नवराबायकोची कामाची रीत ठरलेली होती. शुद्धबाईंनी फक्त चुका बघायच्या. ओळ बरोबर असली की समासात, म्हणजे कागदाच्या कडेच्या कोऱ्या पट्टीत, बरोबरची खूण करायची. शंका आली तर प्रश्नचिन्ह काढायचं, तोंडाने विचारायचं नाही. आणि लेखकाने त्या प्रश्नचिन्हाला तिथेच, हिरव्या शाईने, उत्तर द्यायचं व खाली सही करायची. उत्तर दिल्याशिवाय पान छापायला जात नसे. तिसऱ्या आवृत्तीच्या वेळी तोंडी वाद होऊन दौत भिंतीवर फुटली होती, तेव्हापासून हा नियम. भिंतीवरचा डाग अजून होता.

तर त्या वर्षी अकराव्या आवृत्तीची प्रुफं येऊ लागली. पंधरावा धडा माणसाची वृत्ती दाखवणाऱ्या वाक्प्रचारांचा, आणि सोळावा नको त्या गोष्टींपासून सुटका करून घेण्याच्या वाक्प्रचारांचा. सोळावा धडा बाईंना मुळात आवडत नसे. इंग्रजांकडे वस्तू घराबाहेर काढायला इतके वाक्प्रचार कसे, याचं त्यांना नवल वाटे. एका टेबललॅम्पसाठी माणूस किती वेळा दार उघडणार?

टेबललॅम्पच होता पहिल्या वाक्यात. 'गेट रिड ऑफ' खाली मास्तरांनी लिहिलं होतं: कोपऱ्यातला टेबललॅम्प एकदाचा घराबाहेर गेला.

बाईंची पेन्सिल थांबली. घरात टेबललॅम्प एकच होता, आणि तो चिंगीच्या खोलीत होता.

चिंगी म्हणजे त्यांची लेक. सहा वर्षांपूर्वी घर सोडून गेलेली. तिची खोली जशीच्या तशी होती. बाई दर रविवारी तिथली धूळ झटकत आणि पडदा पुन्हा ओढून घेत. गेले दोन रविवार गुडघा धरला होता म्हणून त्या जिना चढल्या नव्हत्या. त्या आता उठल्या, कठड्याला धरून वर गेल्या. खोलीच्या कोपऱ्यात लॅम्पच्या बुडाचा गोल तेवढा उरला होता, बाकी टेबलावर धूळ.

इंग्रजांना संशय आला की म्हणे उंदराचा वास येतो. बाईंना वास वगैरे आला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मात्र कळलं. त्या खाली आल्या, जागेवर बसल्या, आणि त्या वाक्यापुढे बरोबरची खूण केली, कारण वाक्यात चूक नव्हती.

"गुडघा कसा आहे?" मास्तरांनी वर न बघता विचारलं.

"बरा आहे."

"मग जिना कशाला चढलीस?"

"बरा आहे म्हणून."

पुढच्या आठवड्यात धड्याचा दुसरा भाग आला. 'थ्रो आउट'चं वाक्य: त्याने जाड रजई बांधली आणि दुपारी ती घराबाहेर काढली. 'डिस्पोज ऑफ'चं वाक्य: स्क्रूड्रायव्हरचा डबा तर सगळ्यात आधी गेला होता. बाईंनी वर जाऊन पाहिलं. रजई नव्हती. पलंगाखालचा डबाही नव्हता. तरी टेबलावरची धूळ झटकूनच त्या खाली आल्या. सोळावा धडा म्हणजे घरच्या चोरीची यादीच झाली होती, आणि ती यादी चोर स्वतः लिहून मालकिणीकडे शुद्धलेखन तपासायला पाठवत होता.

त्या दिवसापासून बाईंनी नवऱ्यावर नजर ठेवली. बत्तीस वर्षांच्या संसारात हे काम त्यांना पहिल्यांदाच करावं लागत होतं, आणि ते जमतंय असं लक्षात आल्यावर त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली. मास्तर फोनवर हळू बोलतात का? नाही, ते पहिल्यासारखेच ओरडून बोलत. खिशात काही सापडतं का? रुमाल, चष्म्याचं फडकं आणि सुतळीचा तुकडा. सुतळी कशाला? बाईंनी तो तुकडा पुन्हा खिशात ठेवला, पण नीट घडी घालून ठेवला, आणि नंतर आपण घडी घातली हे आठवून त्या परत गेल्या आणि ती विस्कटून आल्या.

मग शिंपीणबाई आल्या. कुंपणाशी उभ्या राहून सहज म्हणाल्या, "वरची खोली रिकामी होतेय वाटतं? माझी भाची जागा शोधतेय. कॉलेजात शिकवते. स्वच्छ मुलगी आहे."

"कोणी सांगितलं रिकामी होतेय?"

"सांगायला कशाला हवं? मास्तर गेल्या महिन्यापासून रोज काहीतरी काखोटीला मारून बाहेर पडतात."

"रोज?"

शिंपीणबाई जरा विचारात पडल्या. "रोज नाही. गुरुवारी."

झालं. बाईंना सगळं कळलं असं वाटलं. मास्तर खोली भाड्याने देणार. आपल्याला विचारायचं धाडस नाही, म्हणून एकेक वस्तू उचलून कुठेतरी टाकतायत, शेवटी भिंती उरतील आणि मग म्हणतील, 'अगं, खोली तर रिकामीच आहे.' आणि एकदा त्या खोलीत परक्या बाईचे कपडे वाळत पडले की चिंगीने यायचं कुठे? पोर आज ना उद्या परत येईल, या एका आशेवर बाई सहा वर्षं धूळ झटकत होत्या. खोली गेली की आशा गेली.

पंधराव्या धड्यात मास्तरांनी 'कुडन्ट केअर लेस' खाली लिहिलं होतं: शेजारी काय म्हणतील याचं त्याला सोयरसुतक नव्हतं. बाईंनी ते तीनदा वाचलं. शेजाऱ्यांचं नाही. आणि बायकोचं?

गुरुवारी मास्तर छापखान्यात जातात, असं बाईंना वाटत होतं. पण बुधवारी प्रुफं आणून देणारा माणूस जाता जाता म्हणाला, "उद्या काही पाठवू नका बाई. आता आमची सुट्टी सोमवारऐवजी गुरुवारी असते. दोन महिने झाले."

"मास्तरांना माहीत आहे?"

"त्यांनाच तर पहिल्यांदा सांगितलं."

दुसऱ्या दिवशी दुपारी मास्तर चिंगीचा आरसा घेऊन निघाले. आरसा त्यांनी जुन्या प्रुफांच्या कागदात गुंडाळला होता. त्या घरात सगळं प्रुफांच्या कागदात गुंडाळलं जाई, कपाटाच्या फळ्यांवर तेच अंथरलेले असत. सुतळीची गाठ दोनदा मारलेली. "छापखान्यात जाऊन येतो," असं ते म्हणाले नाहीत. "जाऊन येतो," एवढंच म्हणाले. खोटं बोलायलाही त्यांना जमत नसे, फार तर शब्द गिळत.

बाई थोडं अंतर ठेवून मागून निघाल्या. गुडघा कुरकुरत होता. दोन गल्ल्या, मग मोठा रस्ता, मग चपलांच्या दुकानासमोरचा पूल. मास्तर आरशाला पोटाशी धरून, माणसांना वाट देत देत चालले होते. टाकून द्यायची वस्तू कुणी इतक्या जपून नेत नाही, हे बाईंच्या मनात आलं, पण संशयाच्या भरात त्यांनी ते बाजूला सारलं. मास्तर पार्सल ऑफिसात शिरले आणि दहा मिनिटांनी हात मोकळे करून बाहेर आले. पायरीवर उभे राहून त्यांनी हाताला लागलेली सुतळीची धूळ झटकली आणि घरच्या रस्त्याला लागले. बाई फुलझाडांच्या कुंड्या विकणाऱ्याच्या मागे उभ्या राहिल्या, आणि आपल्याला या वयात कुंड्यांमागे लपावं लागतंय याचा त्यांना मनस्वी राग आला.

खिडकीशी बसलेली मुलगी शिक्के मारत होती.

"आत्ता एक गृहस्थ आरसा देऊन गेले," बाई म्हणाल्या. "मी त्यांची बायको. पत्ता बरोबर लिहिलाय का तेवढं बघायचंय. त्यांच्या हातून चुका होतात."

हे मात्र खोटं होतं. मास्तरांच्या हातून पत्त्यात कधी चूक झाली नव्हती.

"काकू, ते तर दर गुरुवारी येतात," मुलगी म्हणाली. "पत्ता मलाच पाठ झालाय." आणि तिने पार्सल फिरवून दाखवलं.

वर लेकीचं नाव होतं. खाली लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या कंपनीच्या वसतिगृहाचा पत्ता, दुसऱ्या शहरातला.

बाई पुलाच्या कठड्याला टेकून बराच वेळ उभ्या राहिल्या. खोली भाड्याने जाणार नव्हती, टाकलं काहीच जात नव्हतं, तेव्हा खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण एक संशय उतरला की दुसरा त्याच पायरीवर चढतो. म्हणजे बापलेकीचं बोलणं होतं. किती दिवसांपासून? पोरीला लॅम्प हवा, रजई हवी, आरसा हवा. आई नको. दोघांनी मिळून आपल्याला चांगलंच बाजूला ठेवलं. बाईंना रडू आलं आणि ते त्यांनी तिथेच, येणाऱ्या-जाणाऱ्यांसमोर, पदराने पुसलं.

खरं तर चिंगी का गेली हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. शेवटच्या वर्षाची परीक्षा सोडून पोरीने लिफ्ट दुरुस्ती शिकायचं ठरवलं होतं. बाईंचं डोकं फिरलं. "पुस्तकांच्या घरात जन्मलीस आणि पान्हे फिरवणार? जमत नसेल तर ते दार आहे," असं त्या म्हणाल्या. पोरगी मावशीकडे गेली. आया बोलतात, मुली मावशीकडे जातात, त्यात नवं काही नाही. चौथ्या दिवशी ती परतही आली, बाईंनी तिला काही विचारलं नाही, ताट वाढलं. तंटा मिटल्यातच जमा होता.

पण त्या चार दिवसांत मास्तरांना 'शो समवन द डोअर'साठी वाक्य हवं होतं. त्यांनी लिहिलं: आईने मुलीला दार दाखवलं. अर्थ काय द्यावा, 'दार दाखवणे' की 'अर्धचंद्र देणे', यावर त्यांनी दोन दिवस घालवले. वाक्य बाईंकडे आलं. त्यांनी वाचलं, काळजात चर्र झालं, पण चूक नव्हती. नियमाप्रमाणे बरोबरची खूण केली. आठवडाभराने चिंगी आपल्या कपाटाची फळी पुसून त्यावर नवा कागद अंथरत होती, आणि तो कागद नेमका तोच होता.

तिने तो आईसमोर धरला. "बाबांना खोटं लिहिता येत नाही, ते मी समजू शकते. पण तू वाचलंस ना? आणि पुढे बरोबरची खूण केलीस?"

बाई म्हणाल्या, "त्यात चूक नव्हती."

हे सांगण्यासारखं उत्तर नव्हतं, हे त्यांना त्याच क्षणी कळलं होतं. पण तोंडातून गेलेला शब्द आणि छापून गेलेलं पान, दोन्ही परत घेता येत नाहीत. संध्याकाळी चिंगी पाठीवर एक पिशवी घेऊन निघाली. आणि ते वाक्य नवव्या आवृत्तीत आलं, दहाव्या आवृत्तीत आलं. हजारो मुलांनी परीक्षेसाठी पाठ केलं. दर वेळी बाईंनी ते तपासलं आणि दर वेळी खूण केली, कारण ते दर वेळी खरंच होतं.

बाई घरी आल्या तेव्हा मास्तर टेबलाशी बसले होते. सोळाव्या धड्याचं शेवटचं प्रूफ बाईंच्या जागेवर ठेवलेलं होतं. 'गेट शॉट ऑफ'खाली वाक्य होतं: अखेर आरसाही गेला. बाईंनी पेन्सिल घेतली आणि त्याच्यापुढे इतकं मोठं प्रश्नचिन्ह काढलं की ते खालच्या दोन ओळींच्या समासात उतरलं. मग कागद नवऱ्यापुढे सरकवला.

मास्तरांनी प्रश्नचिन्ह पाहिलं. बायकोच्या चपलांवरची पुलावरची धूळ पाहिली. मग हिरवं पेन उघडलं. त्यांना लिहायला वेळ लागला. एवढ्याशा समासात मावेना म्हणून कागद आडवा करून लिहावं लागलं.

'महिन्याभरापूर्वी तिने पत्र पाठवून स्क्रूड्रायव्हरचा डबा मागितला. बाकीचं मी आपणहून पाठवतोय. सगळं एकदम पाठवलं असतं तर पोचल्याचं पत्र एकदाच आलं असतं. आईला सांगू नका, असं तिने लिहिलं होतं. वाचू देऊ नका, असं लिहिलं नव्हतं.' खाली सही.

बाईंनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. म्हणजे हा माणूस महिनाभर आपल्याला सगळं सांगतच होता. धडा मात्र त्याला तोच मिळाला होता, सोळावा.

"सरळ 'पाठवला' असं लिहायला काय झालं होतं?" त्या म्हणाल्या. नियम मोडला होता, पण आता कुणाला पर्वा होती.

"'गेट रिड ऑफ'ला 'पाठवला' कसं चालेल?" मास्तर म्हणाले, आणि खरोखरच काळजीत पडलेले दिसले.

"पत्रात माझ्याबद्दल काही असतं?"

मास्तरांनी चष्मा काढून पुसला. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं. "नसतं," ते म्हणाले.

प्रुफांच्या गठ्ठ्यातून बाईंनी बाराव्या धड्याचं पान काढलं. त्यात ते वाक्य होतं, सहा वर्षांचं, पुढे त्यांची स्वतःची खूण, गेल्याच महिन्यातली. ती खूण त्यांनी खोडली. मग त्या वाक्याच्या शेवटी पुढे लिहायची निशाणी केली.

"यात चूक काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"चूक नाही. अर्धवट आहे."

तीस वर्षांत बाईंनी एकही वाक्य स्वतः लिहिलं नव्हतं. दुसऱ्याच्या वाक्यांना खुणा करायची सवय. त्यांनी तीनदा खोडलं. शेवटी लिहिलं: आईने मुलीला दार दाखवलं. ते दार त्या दिवसापासून उघडंच आहे, पण आईने तसं कधी सांगितलं नाही.

मास्तरांनी ओळी मोजल्या. "इंग्रजीत हे दोन ओळींत बसायचं नाही."

"बसवा."

"आणि उघडं आहे हे खरं आहे? मला खरंच लिहावं लागतं."

"वर जाऊन बघा खोली. धूळ आहे का सांगा."

पुढच्या गुरुवारी खोलीतली कुठलीच वस्तू गेली नाही. बारावा धडा गेला, ते एक पान, पाकिटात. बाईंनी ते स्वतःच्या हाताने खिडकीत दिलं, आणि पत्ता पुन्हा पुन्हा तपासला. सोबत चिठ्ठी नव्हती. छापखान्यातून माणूस दोनदा येऊन गेला की बारावा धडा कुठे अडलाय, तेव्हा मास्तर म्हणाले, "तपासायला गेलाय."

त्या दिवसांत बाईंना झोप लागत नव्हती आणि संशय तर सगळ्यावरच येत होता. पोस्टमनवर, पत्त्यावर, शिक्क्यांच्या त्या मुलीवर. पोरीने पान न उघडताच फाडलं असेल. उघडून फाडलं असेल. वाचून हसली असेल, त्यापेक्षा फाडलेलं परवडलं. शिंपीणबाईंची भाची एकदा खोली बघायला आली, तिला बाईंनी दारातूनच सांगितलं, "खोली वापरात आहे."

अकराव्या दिवशी, सोमवारी दुपारी, पाकीट परत आलं. तेच पान होतं. त्यावर ग्रीसच्या बोटाचा एक ठसा उमटला होता. चिंगी लहानपणी याच टेबलाखाली बसून खुणा शिकली होती, त्यामुळे खुणा अगदी नीट होत्या.

पहिल्या वाक्यापुढे तिने बरोबरची खूण केली होती.

दुसऱ्या वाक्यापुढे प्रश्नचिन्ह होतं. साधं, लहान.

बाई खुर्चीत बसल्या. ती बरोबरची खूण त्यांना लागली, लागायलाच हवी होती. त्यांची त्यांनाच परत आली होती. पण प्रश्नचिन्हाकडे त्या बघतच राहिल्या. पोरीला ते वाक्य खोडून टाकता आलं असतं. खोडायची निशाणी तिला येत होती. तिने विचारलं होतं, आणि या घरात विचारलं की उत्तर मिळेपर्यंत पान पुढे जात नाही, हे तिलाही माहीत होतं.

बाईंनी पान मास्तरांपुढे सरकवलं. मास्तरांनी वाचलं, आणि हिरवं पेन उघडून, उलटं फिरवून, बायकोच्या हातात दिलं.

"वाक्य तुझं आहे," ते म्हणाले. "उत्तर लेखकाने द्यायचं."

हिरव्या शाईने बाईंनी कधीच लिहिलं नव्हतं. पेन जास्त दाबलं गेलं आणि एक थेंब समासात पडला. त्यांनी लिहिलं: 'शंका असल्यास स्वतः येऊन पडताळून पाहावे.' मग नियमाप्रमाणे खाली सही केली. सहीत फक्त 'आई' लिहिलं.

"गुरुवारी टाकतो," मास्तर म्हणाले.

बाई उठल्या, चपला शोधू लागल्या. गुरुवारला तीन दिवस होते आणि पार्सलची खिडकी सहाला बंद होत होती.